रोमला ख्रिस्ती लोकांचं नेमकं काय खुपत होतं?

इ.स. २५० च्या जून महिन्यात इजिप्तमधल्या एका खेड्यातल्या ऑरेलियस डायोजेनिस नावाच्या म्हाताऱ्याने सरकारी समितीकडे अर्ज केला. गावाचं नाव अलेक्झांडरचं बेट. अर्जदाराचं वय ७२, ओळखीची खूण म्हणून उजव्या भुवईवर व्रण. मजकूर अगदी थोडा: मी आजवर देवांना बळी देत आलो आहे, आत्ताही फर्मानाप्रमाणे तुमच्यादेखत बळी दिला, मद्याचं अर्घ्य सोडलं, बळीचं मांस चाखलं, तरी तसा दाखला मिळावा. खाली समितीतल्या माणसाचा शेरा आहे, की तुला आणि तुझ्या मुलाला बळी देताना पाहिलं. पपायरसवरचा हा कागद इजिप्तच्या कोरड्या वाळूत टिकून राहिला. असे चाळीसहून अधिक दाखले आज वेगवेगळ्या संग्रहांत जपलेले आहेत.

आपल्या प्रजेने पूजा केली याचा कागद एवढ्या अवाढव्य साम्राज्याला कशाला हवा होता? ख्रिस्ती धर्म आणि रोमन सत्ता यांच्या पहिल्या तीन-चारशे वर्षांच्या नात्यातला अवघड भाग या प्रश्नात आहे. आपल्या डोक्यात बहुधा सिनेमातलं चित्र असतं. आखाडा, भुकेले सिंह, तीनशे वर्षं अखंड छळ, मग एके दिवशी कॉन्स्टंटाइन नावाचा सम्राट ख्रिस्ती होतो आणि सगळं पालटतं. यातलं प्रत्येक चित्र थोडं खरं आहे, पण एकत्र केली की गोष्ट चुकते. माझ्या मते पहिल्यापासून शेवटपर्यंत रोमचा हिशोब एकच होता: देव राजी असले तर राज्य तगतं. पालटला तो देव. हिशोब तसाच राहिला.

रोमन माणसाच्या लेखी धर्म ही मुख्यतः करायची गोष्ट होती. ज्युपिटरबद्दल तुझं मत काय, असं कोणी कोणाला विचारत नसे. सिसेरो सरकारी शकुन पाहणाऱ्या पुरोहितमंडळाचा सभासद होता आणि शकुनविद्येची टर उडवणारं लिखाणही त्यानेच केलं. त्यात कोणाला काही विसंगत वाटलं नाही. ठरल्या दिवशी, ठरल्या रीतीने, ठरलेला बळी गेला पाहिजे, म्हणजे झालं. आपल्याकडे कुळाचार पाळणाऱ्या नास्तिकांची वानवा नाही, त्यामुळे मराठी वाचकाला हे समजून घ्यायला युरोपीय वाचकापेक्षा कमी कष्ट पडावेत.

शिवाय रोमला परक्या देवांचं वावडं नव्हतं. जिंकलेल्या मुलखातले देव रोममध्ये येऊन राहत. इसिस इजिप्तमधून आली, महामाता सिबिली आशिया मायनरमधून आली. अट एवढीच, की नवा देव जुन्यांच्या शेजारी नांदावा. ज्यू लोक मात्र एकच देव मानत आणि इतरांपुढे हात जोडत नसत. तरी रोमने त्यांना सवलत दिली होती, कारण तो त्यांचा वाडवडिलांपासून चालत आलेला आचार होता, आणि जुन्या गोष्टीचा रोमनांना मोठा आदर. जेरुसलेमच्या मंदिरात सम्राटाला बळी दिला जात नसे, पण सम्राटाच्या कल्याणासाठी रोज बळी दिला जाई. इ.स. ६६ मध्ये तो बंद झाला तेव्हा रोमने त्याला बंडाची सुरुवात मानलं. इ.स. ७० मध्ये मंदिर उद्ध्वस्त झाल्यावर ज्यूंवर वेगळा कर बसला, आणि त्याचा पैसा रोममधल्या ज्युपिटरच्या मंदिरासाठी जाऊ लागला. अपमान होताच, पण कर भरून आपला धर्म पाळायची मुभा राहिली.

ख्रिस्ती लोक या चौकटीत बसत नव्हते. सुरुवातीला ते ज्यूंचाच एक पंथ समजले गेले. पुढे ग्रीक, सिरियन, रोमन अशा सगळ्या जातींची माणसं त्यात येऊ लागली आणि त्यांच्याजवळ वाडवडिलांच्या आचाराची सबब उरली नाही. उलट त्यांनी वाडवडिलांचे देवच सोडले होते. ज्याची भक्ती करायची तो पुन्हा पाँटियस पायलट या रोमन अधिकाऱ्याने क्रुसावर चढवलेला गुन्हेगार. गावच्या जत्रेची वर्गणी एकाच घराने नाकारली, पालखीला दार उघडलं नाही, आणि नेमका त्याच साली पावसाने डोळे वटारले, तर पारावर काय बोललं जाईल हे सांगायला नको. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याने इ.स. १९७ च्या सुमारास हेच लिहिलं. टायबर नदी तटाला लागली, नाईल शेतात चढली नाही, आभाळ कोरडं राहिलं, भूकंप झाला, दुष्काळ पडला, साथ आली, की ओरड एकच: ख्रिस्त्यांना सिंहापुढे टाका! पुढे तो खवचटपणे विचारतो, एवढे सगळे एका सिंहाला?

म्हणजे पहिल्या दोनशे वर्षांतला छळ बहुतेक खालून आला. सम्राट सिंहासनावर बसून ख्रिस्त्यांची शिकार आखतोय असं फारसं नव्हतं. नीरोचा अपवाद सगळ्यांना ठाऊक असतो. इ.स. ६४ च्या जुलैत रोम जळालं, आग सम्राटानेच लावली अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा नीरोने ख्रिस्त्यांवर खापर फोडलं. इतिहासकार टॅसिटस सांगतो, की काहींना जनावरांची कातडी पांघरून कुत्र्यांपुढे टाकलं, काहींना रात्री दिव्यांसारखं जाळलं. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांबद्दल अजिबात प्रेम नव्हतं, तरी लोकांना त्यांची दया येऊ लागली हे तो नोंदवतो. पण हे रोम शहरापुरतं होतं. साम्राज्यभर लागू होईल असा कायदा त्यातून निघाला नाही.

कायदा नसेल तर न्यायाधीश काय करतो? याचं उत्तर एका भांबावलेल्या अधिकाऱ्याच्या पत्रात सापडतं, आणि या सगळ्या विषयातला मला सर्वांत आवडणारा कागद तो आहे.

धाकटा प्लिनी इ.स. ११० च्या सुमारास बिथिनिया-पाँटस प्रांताचा सुभेदार होता, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर किनाऱ्यावर. माणूस कायदेपंडित, सज्जन, आणि बारीकसारीक गोष्टीत सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारणारा. त्याच्यापुढे ख्रिस्ती म्हणून आरोप ठेवलेली माणसं येऊ लागली. त्याने कळवलं: असे खटले मी कधी पाहिलेले नाहीत, त्यामुळे शिक्षा कशाची करायची तेच उमगत नाही. ख्रिस्ती या नावाची, की त्या नावाशी जोडलेल्या गुन्ह्यांची? तोवर त्याने स्वतःची एक रीत बसवली होती. तू ख्रिस्ती आहेस का, असं तीनदा विचारायचं, मधे शिक्षेची धमकी द्यायची. तिन्ही वेळा हो म्हटलं तर देहदंड. रोमन नागरिक असेल तर रोमला रवानगी. समर्थन काय, तर ते काहीही मानत असोत, एवढा हट्टीपणा आणि अडेलपणा शिक्षेलाच पात्र आहे!

मग एक निनावी यादी आली. त्यात पुष्कळ नावं. काहींनी साफ इन्कार केला. त्यांची परीक्षा प्लिनीने अशी घेतली: देवांची प्रार्थना म्हणा, ट्राजनच्या प्रतिमेपुढे धूप आणि मद्य वाहा, ख्रिस्ताला शिव्या द्या. खरा ख्रिस्ती यातलं काहीच करत नाही, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. काही म्हणाले, आम्ही होतो, पण सोडलं. कोणी तीन वर्षांपूर्वी, कोणी वीस वर्षांपूर्वी. त्यांच्याकडून कळलं ते इतकंच, की हे लोक ठरल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून गाणं म्हणतात, चोरी-व्यभिचार करणार नाही अशी शपथ घेतात आणि नंतर साधं जेवण घेतात. खातरजमा करायला प्लिनीने त्यांच्यात सेविका म्हणवणाऱ्या दोन गुलाम बायकांचा छळ केला. अतिरेकी अंधश्रद्धेपलीकडे काही सापडलं नाही, असं तो लिहितो. ते वाक्य तो सहज लिहून पुढे जातो. त्या दोघींची नावं पत्रात नाहीत.

त्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे. संघटनांवर बंदीचा हुकूम निघाल्यापासून आम्ही जेवणासाठी जमणंही बंद केलं, असं ती माणसं सांगतात. ही बंदी ट्राजनची. तिचा स्वभाव कळायला त्याच दोघांमधला आणखी एक पत्रव्यवहार पाहावा. निकोमिडिया शहरात मोठी आग लागली, घरं जळाली, लोक हात बांधून बघत राहिले. प्लिनीने सुचवलं, दीडशे कारागिरांचं अग्निशमन पथक नेमू का? मी जातीने लक्ष ठेवीन. ट्राजनने नकार दिला. तुझ्या प्रांतात अशाच मंडळांनी उपद्रव केला आहे. नाव काहीही ठेवा, चार माणसं एकत्र आली की थोड्याच दिवसांत त्याचा राजकीय अड्डा होतो. त्यापेक्षा बंब-बादल्या पुरवा आणि घरमालकांना आग विझवू द्या. ज्या सत्तेला आग विझवणाऱ्यांच्या एकत्र येण्याची धास्ती होती, तिला पहाटेच्या अंधारात जमून शपथा घेणाऱ्यांबद्दल काय वाटत असेल याची कल्पना करता येते.

ख्रिस्त्यांबद्दल ट्राजनचं उत्तर चार ओळींचं होतं. त्यांना शोधत फिरू नका. कोणी रीतसर तक्रार केली आणि आरोप शाबीत झाला तर शिक्षा करा. पण जो नाकारतो आणि आपल्या देवांची पूजा करून दाखवतो, त्याचा भूतकाळ कितीही संशयास्पद असो, त्याला सोडा. निनावी अर्जांची दखल घेऊ नका, ते आपल्या काळाला शोभत नाही. टर्टुलियनने पुढे याची पिसं काढली: गुन्हेगार आहेत म्हणून शिक्षा करा, आणि निर्दोष आहेत म्हणून शोधू नका, हा कुठला न्याय? तर्काने तो बरोबर होता. पण कारभार चालवणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर ट्राजनला न्याय करायचाच नव्हता, त्याला कटकट नको होती. आणि ही व्यवस्था पुढे सव्वाशे वर्षं अशीच चालली. शेजाऱ्याशी बिनसलं नाही, गावात दंगा उसळला नाही, तर ख्रिस्ती माणूस आयुष्य सुखाने काढू शकत होता. एखाद्या वर्षी मात्र सगळं अंगावर यायचं. इ.स. १७७ मध्ये गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, लियाँ शहरात तसंच झालं. तिथे जमाव आधी खवळला, अधिकारी मागाहून आले.

न्यायालयात काय चालायचं ते इ.स. २०३ मध्ये कार्थेजला पकडलेल्या पर्पेचुआच्या रोजनिशीत वाचायला मिळतं. प्राचीन जगातल्या बाईने स्वतः लिहिलेलं फार थोडं आपल्यापर्यंत पोचलं आहे, त्यातलं हे एक. वय सुमारे बावीस, घर खानदानी, अंगावर पिणारं मूल. न्यायासनावरचा अधिकारी हिलेरियानस तिला म्हणतो: बापाच्या पिकल्या केसांची कीव कर, या लेकराची कीव कर, सम्राटांच्या कल्याणासाठी बळी दे. ती म्हणते, देणार नाही. तू ख्रिस्ती आहेस? आहे. बाप तिला मागे ओढू पाहतो, तेव्हा त्यालाच खाली पाडून छडीने मारलं जातं. तिला त्याचा मार स्वतःला बसल्यासारखा लागतो. या सगळ्यात तुझा विश्वास कशावर आहे, हा प्रश्न कुठेच येत नाही. चिमूटभर धूप टाक आणि घरी जा. अधिकाऱ्यांना हुतात्मे नकोच होते. त्यांच्या दृष्टीने एवढी सोपी सुटका समोर ठेवूनही मरण मागणारी ही माणसं वेडी होती.

आता त्या भुवईवर व्रण असलेल्या म्हाताऱ्याकडे येऊ, कारण त्याच्या काळी व्यवस्था बदलली. इ.स. २१२ मध्ये सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या मुक्त माणसांना रोमन नागरिकत्व दिलं. एका फटक्यात लाखो माणसं सम्राटाच्या घराण्याचं ऑरेलियस हे नाव लावू लागली. आपला डायोजेनिस त्यातलाच. सगळेच नागरिक झाल्यावर रोमच्या देवांची सेवा हे सगळ्यांचंच कर्तव्य ठरलं. मग तिसऱ्या शतकाच्या मध्यावर संकटांची रांग लागली. सम्राटामागून सम्राट मारले जात होते, डॅन्यूब नदी ओलांडून गॉथ टोळ्या घुसत होत्या, भयंकर साथ पसरत होती. इ.स. २४९ मध्ये डेशियस गादीवर आला आणि त्याने हुकूम काढला, की साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवांना बळी द्यावा आणि समितीपुढे तो दिल्याचा दाखला घ्यावा.

हा हुकूम ख्रिस्त्यांना पकडण्यासाठीचा सापळा होता असं पुष्कळदा लिहिलं जातं. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण एक दाखलाच आहे. तो ऑरेलिया अमोनूस नावाच्या बाईचा आहे. ती पेटेसूखोस या मगरदेवाची पुजारीण होती. तिच्यावर ख्रिस्ती असल्याचा संशय कोण घेणार? तरी तिलाही रांगेत उभं राहून कागद घ्यावा लागला. डेशियसला देव प्रसन्न करायचे होते, आणि ते काम शिरगणतीसारखं, कर गोळा केल्यासारखं, माणशी नोंद करून करायचं त्याने ठरवलं. रोमला कर वसूल करता येत होता, म्हणून पूजाही वसूल करता येईल असं त्याला वाटलं.

पण परिणाम ख्रिस्त्यांवरच सगळ्यांत वाईट झाला. रोमचा बिशप फेबियन इ.स. २५० च्या जानेवारीतच प्राणाला मुकला. कार्थेजचा बिशप सिप्रियन लपून राहिला आणि त्याने स्वतःच नंतर लिहिलं, की शहरातले ख्रिस्ती बळी द्यायला इतक्या घाईने धावले, की संध्याकाळ झाली म्हणून अधिकारी उद्या या म्हणत होते आणि हे लोक आजच करून घ्या म्हणून गयावया करत होते. हुतात्म्यांच्या कथांमध्ये ही गर्दी दिसत नाही. काहींनी बळी दिला, काहींनी नुसता धूप टाकला, काहींनी चिरीमिरी देऊन न करताच दाखला मिळवला. डेशियस इ.स. २५१ मध्ये गॉथांशी लढताना मेला, मोहीम बारगळली, आणि चर्चपुढे प्रश्न उभा राहिला: ही माणसं परत यायचं म्हणतात, त्यांचं काय करायचं? पैसे देऊन कागद घेतलेला आणि खरोखर बळी दिलेला, दोघांचं पाप सारखंच का? यावरून रोममध्ये नोव्हेशियन नावाच्या पाद्र्याने वेगळी चूल मांडली. मला हे विचित्र वाटतं, की राज्याच्या छळाने चर्च जेवढं मोडलं नाही, तेवढं छळ संपल्यावरच्या हिशोबाने मोडलं.

थोड्याच वर्षांत सम्राट झालेला व्हॅलेरियन जास्त हुशार निघाला. त्याने सामान्य माणसाला सोडून इ.स. २५७-५८ मध्ये थेट बिशप, पाद्री आणि श्रीमंत ख्रिस्ती यांनाच धरलं. सभा आणि दफनभूमी बंद केल्या, मालमत्ता जप्त केली. सिप्रियनला १४ सप्टेंबर २५८ रोजी मारलं. निकाल ऐकल्यावर तो देवाची कृपा एवढंच म्हणाला आणि मारेकऱ्याला पंचवीस सोन्याची नाणी द्यायला सांगून गेला. दोन वर्षांनी व्हॅलेरियनच पर्शियाचा राजा शापूर याच्या हाती जिवंत सापडला. ख्रिस्ती लेखकांनी त्याचा अर्थ काय लावला ते उघडच आहे. त्याचा मुलगा गॅलिएनसने जागा आणि दफनभूमी परत करण्याचा हुकूम काढला, तोही बिशपांच्या नावे. ज्या संस्थेचं अस्तित्वच बेकायदेशीर, तिच्या पदाधिकाऱ्यांना सम्राट पत्र लिहितोय!

याहून गमतीची गोष्ट इ.स. २७२ च्या सुमाराची. अँटिऑकच्या बिशपपदावरून काढलेला सॅमोसाटाचा पॉल चर्चचं घर सोडायला तयार नव्हता. मग ख्रिस्त्यांनी कोणाकडे दाद मागितली? सूर्यदेवाचा भक्त असलेल्या सम्राट ऑरेलियनकडे. त्याने निवाडाही दिला: इटलीतल्या आणि रोमच्या बिशपांचा ज्यांच्याशी पत्रव्यवहार आहे, त्यांना घर द्या. सिद्धांतात कोण बरोबर याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. मालक कोण, एवढाच मुद्दा. माझ्या लेखी कॉन्स्टंटाइनच्या आधीचा खरा सांधा हा आहे. चर्चजवळ आता इमारती होत्या, पैसा होता, पदाधिकारी होते, आणि त्याचं भांडण सरकारदरबारी नेता येत होतं.

म्हणूनच सम्राट डायोक्लिशनने इ.स. ३०३ मध्ये जो शेवटचा आणि सगळ्यांत मोठा घाव घातला तो आधी इमारतींवर आणि पोथ्यांवर घातला. निकोमिडियातलं चर्च त्याच्या राजवाड्यातून दिसत असे. २३ फेब्रुवारीला सैनिकांनी काही तासांत ते जमीनदोस्त केलं. दुसऱ्या दिवशी फर्मान लागलं: चर्चं पाडा, धर्मग्रंथ जाळा, ख्रिस्त्यांचे दर्जे आणि कोर्टातले हक्क काढून घ्या.

प्रत्यक्षात हे कसं झालं त्याचा पंचनामा शिल्लक आहे. उत्तर आफ्रिकेतलं सिर्टा शहर, आजचं अल्जीरियातलं कॉन्स्टंटिन, तारीख १९ मे ३०३. नगराधिकारी म्युनेशियस फेलिक्स कारकुनांना घेऊन ख्रिस्त्यांच्या घरी येतो. तुमच्या धर्माची पुस्तकं बाहेर काढा. बिशप पॉल म्हणतो, ती वाचकांकडे, म्हणजे सभेत पोथ्या वाचून दाखवणाऱ्यांकडे, असतात, पण इथे आहे ते देतो. मग यादी सुरू: सोन्याचे २ चषक, चांदीचे ६ चषक, चांदीचे ७ दिवे, साखळीचे पितळी दिवे ११, बायकांचे अंगरखे ८२, पुरुषांचे १६, बायकांच्या जोड्यांचे जोड ४७, पुरुषांचे १३. हे कपडे आणि जोडे गरिबांना वाटायचे असावेत. उपपाद्री सिल्व्हानस आणखी एक चांदीचा दिवा आणि पेटी शोधून आणतो, भांड्यामागे सापडली म्हणून सांगतो. कारकून म्हणतो, सापडली नसती तर मेलाच होतास. वाचक कोण आहेत? तुम्हालाच ठाऊक आहेत, म्हणतात सगळे. शेवटी कारकुनांनाच विचारून दारोदार फिरावं लागतं. एका वाचकाच्या घरी तो नसतो. त्याची बायको सहा पोथ्या आणून देते.

यात कोणी ओरडत नाही, कोणी मरत नाही. एकमेकांना नावाने ओळखणारी एका शहरातली माणसं, एक बाजू हुकूम बजावते, दुसरी कमीत कमी देऊन वेळ मारून नेते. इजिप्तमधल्या एका खेड्यातून इ.स. ३०४ चं असंच प्रतिज्ञापत्र मिळालं आहे. पाडलेल्या चर्चचा वाचक ऑरेलियस अमोनियस सांगतो, आमच्या चर्चमध्ये ना सोनं, ना चांदी, ना पैसा, फक्त थोडं पितळी सामान होतं. खाली सही दुसऱ्याची, कारण अर्जदाराला लिहिता येत नाही. पोथी वाचून दाखवणं हेच ज्याचं काम, तो निरक्षर! त्याने सही टाळण्यासाठी ही शक्कल लढवली असावी असं काही अभ्यासकांना वाटतं. मलाही तसंच वाटतं.

सगळीकडे इतकं निवांत नव्हतं. पुढच्या फर्मानांनी पाद्र्यांना तुरुंगात टाकलं आणि ३०४ मध्ये सगळ्यांनाच बळी देण्याची सक्ती केली. पूर्वेकडे आणि इजिप्तमध्ये खूप माणसं मेली, खाणींत पाठवली गेली. पश्चिमेत कॉन्स्टंटाइनच्या बापाच्या मुलखात मात्र इमारती पाडण्यापलीकडे फार काही झालं नाही. शेवटी छळाचा कट्टर पुरस्कर्ता सम्राट गॅलेरियस यानेच एप्रिल ३११ मध्ये, मरणशय्येवर, माघारीचं फर्मान काढलं. त्याची कारणमीमांसा वाचण्यासारखी आहे. हे लोक आमच्या देवांना भजत नाहीत आणि सभा बंद असल्याने स्वतःच्याही देवाला भजत नाहीत. तेव्हा त्यांना पुन्हा ख्रिस्ती होऊ द्या, फक्त त्यांनी आमच्या, राज्याच्या आणि स्वतःच्या कल्याणासाठी आपल्या देवाची प्रार्थना करावी. डेशियसला जे दाखल्याने मिळवायचं होतं, ते गॅलेरियस परवानगी देऊन मागत होता.

कॉन्स्टंटाइनची गोष्ट इथून पुढे वाचली तर तितकी चमत्कारिक राहत नाही. ऑक्टोबर ३१२ मध्ये मिल्व्हियन पुलाजवळची लढाई त्याने ख्रिस्ताच्या कृपेने जिंकली असं त्याला वाटलं. म्हणजे देव पावला. ३१३ मध्ये त्याने आणि सहसम्राट लिसिनियसने मिलानला जो समझोता केला, त्याच्या मजकुरात ख्रिस्त्यांना आणि सर्वांना आपापला धर्म पाळू द्यावा असं आहे, आणि हेतू असा सांगितला आहे, की स्वर्गात जे कोणी दैवत असेल ते आमच्यावर आणि आमच्या प्रजेवर प्रसन्न राहावं. जे कोणी असेल ते! शेजारी रोखठोक कलम: जप्त केलेल्या जागा मोबदला न घेता परत करा, आणि त्या व्यक्तींच्या नसून ख्रिस्ती मंडळीच्या सामाईक मालकीच्या होत्या हे लक्षात घ्या. त्याच वर्षी त्याने आफ्रिकेच्या सुभेदाराला लिहिलं, की पाद्र्यांना सार्वजनिक कामांच्या सक्तीतून मोकळं करा, कारण ते देवसेवेत राहिले तर राज्याचा मोठा फायदा आहे.

पण बक्षिसाबरोबर प्रश्न आला: खरे ख्रिस्ती कोण? आफ्रिकेत दोन गट होते. एक म्हणत होता, छळात पोथ्या सरकारच्या हवाली करणाऱ्याच्या हातून झालेली बिशपची दीक्षा बाद आहे. पुढे डोनेटस या बिशपच्या नावाने हा पक्ष ओळखला गेला. तक्रार घेऊन ते कॉन्स्टंटाइनकडेच गेले. रोममध्ये चौकशी, ३१४ मध्ये आर्लला परिषद, दोन्हीकडे ते हरले. मग सम्राटाने सैनिक पाठवून चर्चं ताब्यात घेतली, रक्त सांडलं, आणि ३२१ मध्ये कंटाळून नाद सोडला. सिर्टाचा तो पंचनामाही याच भांडणामुळे आपल्याला मिळाला: दिवा शोधून देणारा सिल्व्हानस पुढे डोनेटसच्या पक्षाचा बिशप झाला होता, आणि ३२० मध्ये तो स्वतःच पोथ्या देणाऱ्यांतला आहे हे सिद्ध करायला विरोधकांनी कोर्टात हा कागद वाचून दाखवला. अशा भांडणांनी देवाचा कोप मानवजातीवर आणि खुद्द माझ्यावरही होईल, असं कॉन्स्टंटाइनने एका अधिकाऱ्याला लिहिलं होतं. ३२५ ची निकिया परिषद याच धास्तीच्या पोटी भरली असं मी म्हणेन. तिथे सरकारी खर्चाने आलेल्या बिशपांमध्ये छळात अपंग झालेले काही जण होते असं नंतरचे चर्च-इतिहासकार सांगतात. पुढे ३४७ च्या सुमारास सम्राटाचे दूत मदतीचे पैसे घेऊन आफ्रिकेत आले, तेव्हा डोनेटसने विचारलं, सम्राटाचा चर्चशी काय संबंध? तोच पक्ष पहिल्यांदा सम्राटाच्या दारी गेला होता हे तो सोयीस्कर विसरला.

उरलेलं झपाट्याने झालं. इ.स. ३८० मध्ये थिओडोशियसने फर्मान काढलं, की रोमचा बिशप डॅमेसस आणि अलेक्झांड्रियाचा पीटर मानतात तोच धर्म प्रजेने मानावा. बाकीचे वेडे आणि पाखंडी, त्यांना आधी देव आणि मग आम्ही शिक्षा करू. ३८४ मध्ये रोमचा नगरपाल सिमॅकस याने जुन्या देवांच्या बाजूने अर्ज केला. सिनेटच्या सभागृहातली विजयदेवीची वेदी परत बसवा, तिच्यामुळे आपण जग जिंकलं. व्हेस्टा देवीच्या कुमारिकांचं अनुदान तोडलं आणि लगेच दुष्काळ पडला. त्यातलंच त्याचं एक वाक्य आपल्याला फार जवळचं वाटावं असं आहे: एवढ्या मोठ्या गूढापर्यंत एकाच वाटेने पोचता येत नाही. पण त्या उदार वाक्याच्या शेजारी तोच जुना हिशोब आहे, अनुदान बंद म्हणून पीक बुडालं. मिलानचा बिशप अँब्रोझ याने उत्तर दिलं आणि वेदी परत आली नाही. ३९१-९२ च्या कायद्यांनी देवांना बळी देणं हाच गुन्हा ठरवला.

त्याआधी काही वर्षं, ३८५ च्या सुमारास, ट्रियर शहरात प्रिसिलियन नावाच्या स्पॅनिश बिशपवर खटला चालला. आरोप करणारे बिशप होते, न्यायासन सम्राट मॅक्सिमसचं होतं. कलम जादूटोण्याचं, आणि पुराव्यात बायकांबरोबर रात्रीच्या गुप्त सभा घेतल्याचा कबुलीजबाब होता. तूरचा बिशप मार्टिन तिथे जाऊन सम्राटाला विनवत राहिला, की चर्चमधून काढणं पुरे आहे, रक्त सांडू नका. मॅक्सिमसने शब्द दिला. मार्टिन शहर सोडून गेला आणि प्रिसिलियनचं डोकं उडवलं गेलं.